आमचे निवासी कलावंत

माझ्या साडूच्या फाटकाशी माणसाच्या उंचीचा दगडी कान उभा राहिला, तेव्हापासून माझं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी आहे. बायको म्हणाली, कान आहे.

साडूच्या आणि आमच्या घरात अंतर एका ओढ्याचं. अलीकडे आमचं 'निसर्गस्नेही निवास', पलीकडे त्यांचं. आमचं आधीचं. हे मी आवर्जून सांगतो, कारण ते कधीच सांगत नाहीत. विमा कंपनीतून मी वेळेआधी बाहेर पडलो, शहरातलं घर विकलं आणि इथे माळावर मातीच्या विटांच्या चार खोल्या बांधल्या. उन्हावर तापणारं पाणी. न्हाणीतलं पाणी खडी-वाळूतून गाळून भाजीच्या वाफ्यांना. संडास कोरडा, म्हणजे पाण्याऐवजी वरून लाकडाचा भुसा टाकायचा. तो कसा वापरावा याची सूचना मी स्वतः लिहून आतल्या बाजूला लावली आहे. ती वाचून संपेपर्यंत पाहुण्याचं काम आटोपलेलं असतं, असं साडू म्हणतात. आमच्या आवारात प्लॅस्टिकला सक्त मनाई आहे. ही पाटी पावसात भिजू नये म्हणून तेवढी लॅमिनेट केली आहे.

घराचा आराखडाही माझाच. हवा खेळती राहावी म्हणून मी स्वयंपाकघर चार पायऱ्या खाली घेतलं आणि त्याची खिडकी थेट व्हरांड्याच्या फरशीला टेकवली. बांधून झाल्यावर ध्यानात आलं, की ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला त्या खिडकीतून बाहेरच्यांचे फक्त पाय दिसतात. बायकोनं एकदाच विचारलं, "हे असंच हवं होतं का?" मी म्हणालो, "हवा येते ना?" हवा येते. मग तो विषय संपला, असं मी धरून चाललो होतो.

साडूनं आमचं बघून दोन वर्षांनी तेच सगळं केलं, आणि जास्त देखणं केलं. त्यांच्याकडे उन्हावरचं पाणी ढगाळ दिवशीसुद्धा कढत असतं. त्याचं कारण बांबूच्या पडद्यामागे आहे आणि त्याला वायर आहे. मी हे कोणाला सांगत नाही. विचारलं तर सांगतो.

तर अशा या साडूनं एक शिल्पकार महिनाभर ठेवून घेतला. राहणं-जेवण आमचं, कला तुमची, असा त्यांचा करार. शिल्पकारानं जाताना तो कान मागे ठेवला. साडूनं लगेच शोध लावला, की या कानात मनातलं बोललं की निसर्ग ऐकतो. झालं! लोक गाड्या थांबवून रांगा लावायला लागले. पेपरात फोटो आला: कानाच्या पाळीला रेलून उभे असलेले साडू, चेहऱ्यावर असा भाव की दगड यांनीच फोडला.

मला त्याचंही काही नव्हतं. पण माझेच पाहुणे, माझ्याच व्हरांड्यात बसून, माझाच चहा पीत विचारायचे, "तो कान कुठेशी आहे हो?" आणि मी हात लांब करून ओढ्यापलीकडचा रस्ता दाखवायचा! मेव्हणी तर म्हणालीच, "भाऊजी, तुम्हीपण या ना एकदा कानात बोलायला. मोकळं वाटतं." गेलो एका दुपारी, कोणी नाही असं बघून. काय बोललो ते इथे छापता येणार नाही. बोलून मागे वळतो तो साडू उभे.

"जरा मोठ्यानं बोला, साडूभाऊ," ते म्हणाले. "दगड आहे तो."

त्याच पावली घरी आलो आणि जाहीर केलं, की आपणही निवासी कलावंत ठेवायचा.

"कशाला?" बायकोनं विचारलं.

"कलेची सेवा."

"आणि कान?"

"कानाचा काही संबंध नाही."

ती कांदा चिरत राहिली. तिच्या त्या चिरण्यात बरंच काही होतं.

आता मजा बघा. इतकी वर्षं माझ्याकडे कलावंत नव्हता, तेव्हा मला कोणी एका शब्दानं काही सांगितलं नाही. पण कलावंत येणार म्हटल्यावर पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस कलेतला जाणकार निघाला. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात, गाय पाळून. ते कुंपणावरून म्हणाले, "कलावंत हा मनस्वी प्राणी. त्याला मोकळं सोडा. मी गाईलासुद्धा बांधत नाही." वायरमन म्हणाला, "गवई आणू नका साहेब. तुमच्या बॅटरीवर तानपुरासुद्धा चालायचा नाही." तानपुऱ्याला वीज लागत नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग तर आणखीच अवघड."

परवानगीसाठी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला.

"पैसे देणार तो पाहुणा. पैसे न देणार तो नातेवाईक. हे तुमचे कोण?"

"कलावंत."

"ते झालं. पण लागतात कोण?"

"कोणीच लागत नाहीत."

"मग फुकट का ठेवता?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यात साडू येत होते. कारकुनाला माझी दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "तुमच्या पलीकडच्यांनी 'दगडकामाचा मजूर' असं टाकलं होतं. पाच मिनिटांत मोकळे झाले." मी बाणेदारपणे सांगितलं, की कलेचा असा अपमान माझ्या हातून होणार नाही. मग सलग तीन वेळा मला परत पाठवण्यात आलं आणि चौथ्या खेपेला माझ्याकडे कलावंत नव्हे तर 'रंगारी' राहणार असल्याची नोंद झाली.

कलावंत निवडताना मात्र मी चोखंदळ होतो. मला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं: रस्त्यावरून दिसेल असं काहीतरी, आणि कानापेक्षा मोठं. एका बाईंना महिनाभर मौन पाळायचं होतं. ते दिसणार कसं? एक कवी होते. कविता कितीही थोर असली तरी रस्त्यावरून दिसत नाही. शेवटी एक चित्रकार मिळाले. 'मी मोठ्या भिंतींवर काम करतो,' असं त्यांनी कळवलं होतं. आमच्या खताच्या कोठाराची मागची भिंत थेट रस्त्याकडे बघते, आणि लांबीला ती चांगली बस उभी राहील एवढी आहे. मी मनातल्या मनात तिच्यापुढे कान ठेवून बघितला. कान अगदीच बारका दिसला. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

चित्रकार आले. चाळिशीचे, किडकिडीत, खांद्याला एक पिशवी आणि हातात रंगाचे चार डबे. आल्या आल्या वाकून म्हणाले, "नमस्कार, काका."

काका! दाढीत पांढरे केस असलेल्या माणसानं मला काका म्हणावं? बरं, असेल त्यांची पद्धत. पण संध्याकाळी साडू सहज म्हणून डोकावले, तर त्यांना म्हणाले, "नमस्कार, सर." साडू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठे आहेत. मी नंतर चित्रकारांच्या कानावर ते घातलंसुद्धा. ते म्हणाले, "हो का? वाटत नाहीत."

पहिल्याच दिवशी मी त्यांचे डबे ताब्यात घेतले. कंपनीचे रासायनिक रंग आमच्या आवारात चालत नाहीत. तसा नियमच आहे, आणि तो सगळ्यांना सारखा आहे. माती, काजळी, पानंफुलं, काय हवं ते वापरा म्हटलं. पोराला पहिल्यांदा शाळेत सोडताना आई बघते, तशा नजरेनं चित्रकारांनी डब्यांकडे पाहिलं. पण म्हणाले, "ठीक आहे. आधी मी नुसतं बघेन."

आणि ते बघायला लागले. वेताच्या खुर्चीत बसून. ती खुर्ची माझी. सकाळी डोंगराकडे, दुपारी झाडाकडे, संध्याकाळी चहाच्या कपाकडे. आमच्याकडे चहाचा पहिला कप माझा असतो. हा कुठे लिहून ठेवलेला नियम नाही, आणि म्हणूनच तो मोडला तेव्हा मला दाद मागता येईना. पहिला कप व्हरांड्यात जायला लागला. दुसरा मला, आणि त्यातही कधी कधी साखर राहून गेलेली.

त्यातून या गृहस्थांना प्रत्येक गोष्टीचं कौतुक. भाजी छान, लोणी छान, जेवणघराच्या भिंतीचा पिवळा रंग तर फारच छान. "हा पिवळा कसा साधला, काकू?" असं विचारत ते चार पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात गेले. मी बाहेर वाफ्यांना पाणी सोडत होतो. आतून बायकोचं हसू ऐकू आलं. आता, बायकोला हसताना मी ऐकलेलं नाही असं नाही. पण ते हसू मेव्हणीबरोबरचं असतं, नाहीतर कोणी पडलं की असतं. हे वेगळं होतं. मी नळ चालू ठेवूनच आत गेलो.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," दोघंही म्हणाले.

टोमॅटोचा अख्खा वाफा वाहून गेला.

जेवायला बसलो की हे दोघं रंगांवर बोलायचे. मी मध्येच खताच्या तापमानाचा विषय काढून बघितला. चित्रकार ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा पिवळ्यावर यायचे. मी जेवता जेवता उठून जायला लागलो. पहिल्या दिवशी बायकोनं "काय झालं?" म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी माझं ताट झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आभाळ भरून आलं की चित्रकार टॉवेल घेऊन ओढ्यापलीकडे अंघोळीला जायचे. माझ्या कलावंतानं माझ्या साडूकडे अंघोळ करावी! परत आले की अंगाला साडूकडच्या साबणाचा वास. तो वास मला पुढे चार दिवस येत असे. "आज ऊन आहे," मी सकाळीच बजावायचो. "आज इथलंच पाणी गरम आहे." ते म्हणायचे, "हो, पण सरांनी बोलावलंय."

अखेर एकदाचे रंग तयार झाले. लाल माती, काजळी, पानांचा रस, आणि हे सगळं भिंतीला धरून राहावं म्हणून पिठाची दाट खळ. चित्रकार शिडीवर चढले आणि त्यांनी भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात डोंगर, ढग आणि झाडं अशी काही उभी केली, की मी मनातल्या मनात त्यांना पहिला कप माफ केला. खालच्या अर्ध्या भागात त्यांनी मातकट रंगाचा जाड थर दिला. त्यावर गाव येणार होतं. लगेच मी पेपरवाल्या वार्ताहराला फोन केला आणि दिवस ठरवून टाकला. साडूंना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. दोन वेळा दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांची गाय आली.

तिचाही दोष नाही. पिठाची खळ तिला भिंतीवर वाढलेली दिसली. आम्ही पोचलो तेव्हा तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत, जीभ पोचेल तिथवर, भिंत स्वच्छ चाटून काढली होती आणि डोळे मिटून उभी होती. वर डोंगर, ढग, झाडं. खाली ओली, उघडी माती. हेडमास्तर कुंपणावरून म्हणाले, "मी सांगितलं होतं, तिला बांधत नाही."

बातमी ओढा ओलांडून तासाभरात पलीकडे पोचली. साडू आले, हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडची कला पचायला हलकी दिसते, साडूभाऊ."

चित्रकारांनी खोलीचं दार लावून घेतलं. 'प्रेरणा येईपर्यंत थांबावं लागेल,' असं ते आतून म्हणाले. वार्ताहर तर आठवड्यावर आलेला. मी दाराबाहेर उभा राहून प्रेरणेच्या अंदाजे तारखेची चौकशी केली. मी व्हरांड्यात येऊन माझ्या खुर्चीत बसलो. खुर्ची परत मिळाली होती, पण तिच्यात पूर्वीचं सुख राहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मागच्या बाजूला मेव्हणीची किंकाळी ऐकू आली. मी समजलो, पुन्हा गाय. काठी घेऊन धावलो.

मेव्हणी भिंतीसमोर उभी होती आणि बोट रोखून ओरडत होती, "ताई! हे आमचे! हे आमचेच ग!"

बायको पालथ्या घमेल्यावर बसली होती. तिच्या एका हातात कोळशाचा तुकडा होता, दुसऱ्यात कुंचा, पुढ्यात चुन्याची बादली, नाकावर काजळी. आणि भिंतीच्या त्या चाटलेल्या भागात पाय होते.

नुसते पाय. गुडघ्यापासून खाली, ओळीनं, जिवंत. वेळेआधी येऊन अवघडून उभे राहिलेले पाहुण्यांचे पाय. नवे बूट चावत असलेले पाय. व्हरांड्यात अनवाणी आल्यावर फरशी गार लागून एकावर एक ठेवलेले बाईचे पाय. भांडून एकमेकांकडे पाठ केलेले दोन जोड, आणि त्यांच्यामधून निघालेली लहान मुलाची पावलं. हेडमास्तरांचे पाय तर मी लगेच ओळखले, कारण त्यांच्या एका चपलेचा अंगठा कायम बाहेर असतो. मागे गाईचे चार. आणि मेव्हणी ज्यांच्यावरून ओरडत होती ते, टाचा किंचित उचललेले, दुसऱ्याच्या घरात डोकावून बघणारे पाय: साडू! चेहरा काढला असता तरी इतके साडू आले नसते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अर्धी भिंत डोळ्यांत खुपत होती," बायको म्हणाली. "येणारा-जाणारा विचारतो, गाय कुठे आहे. म्हटलं, भरून टाकू काहीतरी. खळ नाही हं, चुना घातलाय. गाय तोंड लावणार नाही."

"पण पाय का?"

"मग काय काढू? इतकी वर्षं मला दुसरं दिसलंय काय?"

एवढ्यात चित्रकार बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. ते भिंतीपुढे आले आणि उभ्याचे खाली बसले, मातीतच. मला वाटलं, आता रागावणार. आपल्या भिंतीवर दुसऱ्यानं हात फिरवलेला कोणाला खपतो? मला नसता खपला.

"काका," ते शेवटी म्हणाले, "काकूंना हे शिकवलं कोणी?"

"खिडकी माझी आहे," मी म्हणालो.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मग चित्रकार उठले, त्यांनी स्वतःचा चांगला कुंचला आणून हिच्या हातात दिला आणि स्वतः चुन्याची बादली ढवळायला बसले.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकटा भिंतीसमोर गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक जोड नीट पाहिला. वायरमन सापडला. दूधवाला सापडला. एकदाच येऊन संडासाबद्दल तक्रार करून गेलेले एक गृहस्थसुद्धा सापडले. दुसऱ्यांदा पाहिलं, वाकून. मग स्वयंपाकघरात गेलो.

"मी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे?"

"भिंतीवर. माझे पाय."

बायकोनं क्षणभर विचार केला. "मी ओट्याशी असताना तुम्ही खिडकीतून कधी दिसतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही कायम आत येऊन माझ्या डोक्यावर उभे असता."

मी खाली पाहिलं. मी तिच्या शेजारी, ओट्याला टेकून उभा होतो. बाहेर गेलो.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माझ्या घरात दोन कलावंत राहत होते आणि मी त्यांचा व्यवस्थापक होतो. मी काही सूचना केल्या. गुडघ्याखाली सावली हवी म्हटलं, अमुक पोटरी जरा जाड झाली म्हटलं. बायकोनं माझ्या हातात रिकामी बादली दिली. नवे पाहुणे यायचे आणि विचारायचे, "कलावंत कुठे आहेत?" मी छाती पुढे काढून "या, मी दाखवतो" म्हणेपर्यंत ते मला ओलांडून मागे गेलेले असायचे. साडूबद्दलचा मत्सर मला सवयीचा होता. त्याची जागा ठरलेली होती, वेळ ठरलेली होती. हा नवा मत्सर मात्र माझ्याच ताटात जेवत होता, माझ्याच शेजारी झोपत होता आणि झोपेत हसत होता. तक्रार कोणाकडे करणार?

वार्ताहर आला. कॅमेरा लावून त्यानं सगळ्यांना बाजूला केलं. "चित्रकार पुढे या," तो म्हणाला. चित्रकारांनी सरळ सांगितलं, "वरचे ढग माझे. ते कोणीही काढतं. बघण्यासारखं आहे ते यांचं," आणि हिला पुढे ढकललं. ती पदराला हात पुसत उभी राहिली. मी तिच्या शेजारी जायला निघालो, तेवढ्यात वार्ताहर म्हणाला, "काका, ती गाय जरा धरता का?"

गाय धरून मी कडेला उभा राहिलो. आणि तिथून मला साडूंचा चेहरा दिसला.

तो चेहरा बघण्यासाठी मी किती महिने जगलो होतो! तो अगदी माझ्या मनात होता तसाच होता. ओठ हसत होते, डोळे हसत नव्हते, गालांचा रंग उतरला होता. साडू जळत होते. मी त्या क्षणाचा आनंद घ्यायला गेलो आणि लक्षात आलं, की माझ्याकडे घ्यायला जागाच नाही. माझाही चेहरा तसाच झाला असणार, कारण साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते माझ्याकडे सरकले. आम्ही दोघं गाईच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "कालपासून आमची ही विचारतेय, आपल्या स्वयंपाकघराची खिडकी उंचावर का बांधली म्हणून."

"काय सांगितलंत?"

"उजेड येतो म्हटलं." त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "माझे पाय खरंच असे आहेत का हो?"

"टाचा थोड्या जास्तच वर झाल्यात," मी म्हणालो. खोटं बोललो. त्या अगदी बरोबर होत्या.

पेपरात फोटो छापून आला. त्यात माझं कोपर आहे. मजकुरात मी 'त्यांचे पती' आहे. साडू फोटोत नाहीत, पण त्यांचे पाय आहेत, आणि ते त्यांनी चौकटीत लावून घेतले आहेत.

चित्रकार जाताना हिला नमस्कार करून गेले, मला "येतो काका" म्हणून. पंधरा दिवसांनी त्यांच्या ओळखीनं एक फोन आला. डोंगराळ भागात आमच्यासारखंच एक निवासस्थान होतं, लाकडी खोल्यांचं, पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर चालणारं. त्यांना निवासी कलावंत हवा होता. महिनाभर. त्यांनी हिला बोलावलं होतं.

बायकोनं फोन ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर नाही जात."

तोंड उघडलं ते मी नाही म्हणायलाच. कारणं तयारच होती, एकावर एक रचलेली. स्वयंपाक कोण करणार? पाहुण्यांचं काय? भाजीचं, खताचं काय? या वयात एकटीनं एवढा प्रवास? शिवाय खरं कारण होतंच, की मला कोणी कुठे बोलावलं नव्हतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. भिंतीवर एका पायाची करंगळी तिला अजून साधली नव्हती, तिकडे बघत उभी होती. चुन्यानं तिची बोटं फुटली होती. आणि ती श्वास रोखून होती, माझ्या उत्तरासाठी. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या उत्तराला इतकं वजन आल्याचं मला आठवत नव्हतं. ते असल्या उत्तरावर घालवायचं?

"तिकडे थंडी असेल," मी म्हणालो. "जाडा स्वेटर घे."

ती गेली. मी चार पायऱ्या उतरून ओट्याशी उभा राहिलो. पाहुण्यांना पहिले काही दिवस माझं जेवण सोसावं लागलं. मग मेव्हणी डबा पाठवायला लागली, तो पोचवायला साडू स्वतः येत आणि माझ्याबरोबर बसून तोच डबा खात. बायकोचे फोन यायचे, पण तिला बोलायला वेळ नसायचा. "ठीक आहे सगळं, तुमचं कसं? ठेवते हं, रंग वाळतोय."

शेवटी न राहवून मी तिथल्या मालकांनाच फोन लावला. हिला गरम पाणी वेळेवर मिळतं ना, एवढंच विचारायचं होतं.

"मिळतं हो," मालक म्हणाले. आवाज माझ्याच वयाचा होता. "काही कमी नाही त्यांना. अगदी काही कमी नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आमचा कुत्रा आहे. नऊ वर्षं माझ्या पायाशी झोपतोय. हल्ली त्यांच्या दाराशी झोपतो."

त्या थांबण्यात मला सगळं ऐकू आलं.

"जेवता जेवता मध्येच उठून जाता का?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कुत्र्याचं मनावर घेऊ नका," मी म्हणालो. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटायला लागली. बराच वेळ मी त्यांना समजावलं. सूचना करू नका म्हटलं. बादली दिली तर घ्या. फोटोच्या वेळी आपणहून कडेला उभे राहा, म्हणजे कोणी उभं केल्यासारखं वाटत नाही. ते 'हो, हो' म्हणत होते, त्यांचा सूर हळूहळू निवळत होता. फोन ठेवण्याआधी मी सहज विचारलं, "सध्या काय काढतेय ती?"

"काय सांगू तुम्हाला!" त्यांचा आवाजच बदलला. "आमच्या आईचे हात काढलेत. शेंगा सोलताना. आज सकाळी रंग ओला होता, तेव्हा मला दाखवायला बोलावलं. मी तिथेच बसून राहिलो. आई म्हणाली, हे माझे हात तू आत्ता पहिल्यांदा बघतोयस का रे?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या खाली गेलेल्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. मी त्या माणसाची समजूत घालत बसलो होतो! रंग ओला असताना बायको त्याला बोलावत होती, त्याला सगळ्यांआधी दाखवत होती, आणि लेकाचा मला कुत्र्याचं दुःख सांगत होता.